एक नोव्हेंबरची शेगडी

हिवाळ्यासाठी घर कसं तयार करावं, असं आमच्या हार्लो मिल्समध्ये कुणालाही विचारा, तो मर्टन लेव्हिटच्या अंगणाकडे बोट दाखवील. मी दाखवणार नाही. मी त्याची मेहुणी, त्याच्या बायकोची थोरली बहीण लिओना. त्या अंगणावरून जाताना आजही माझं तोंड कडू होतं.

मर्टनचा हिवाळा ऑगस्टात सुरू होतो. बाकीचं गाव तळ्यात पाय सोडून बसलेलं असतं तेव्हा हा अंगणात लाकडं फोडत असतो. लाकडंही आदल्या वर्षी तोडून वाळवलेली, कारण ज्या वर्षी तोडलं त्याच वर्षी जाळणारा माणूस त्याच्या लेखी माणूसच नाही. मेपल वेगळं, बर्च वेगळं, बीच वेगळं. सगळे तुकडे सोळा इंची. साल वरच्या अंगाला, म्हणजे पाणी निथळतं. चवडीची दोन्ही टोकं एक आडवं एक उभं अशी रचून इतकी घट्ट केलेली, की त्यांवर कौलं घालून राहायला जावं. एवढ्यावर भागत नाही. चवड छातीइतकी उंच झाली की हा खिशातून ओळंबा काढतो. जी लाकडं मार्चपर्यंत राख होणार, त्यांना ओळंबा लावणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

सप्टेंबरात हिवाळी तावदानं. घराला चौदा खिडक्या, चौदा जादा तावदानं, प्रत्येकाच्या चौकटीवर छिन्नीने कोरलेला आकडा. ती बाहेरून स्क्रू मारून बसवायची, आतून प्लॅस्टिक ताणायचं. मग बागेचे नळ रिकामे करायचे, धुराडं झाडायचं, बर्फ ढकलणाऱ्या गाडीला रस्त्याची कड दिसावी म्हणून फाटकापासून काठ्या रोवायच्या. त्याही एका रेषेत, आणि रेष चुकली की उपटून पुन्हा. ऑक्टोबरात शेवटचं मोठं काम, खालून वारा शिरू नये म्हणून घराच्या जोत्याला पांघरूण घालायचं. आधी डांबरी कागद, त्यावर फळ्या, त्यावर फर वृक्षाच्या हिरव्या फांद्यांचा जाड थर, खिडक्यांच्या खालपर्यंत. हे आम्ही सगळेच करतो. पण आम्ही जोत्यापाशी थांबतो. मर्टनने एका वर्षी फांद्यांना जागा हवी म्हणून आर्डिथचे गुलाब उपटून टाकले. आर्डिथ म्हणजे माझी बहीण. तिने ते गुलाब आमच्या आईच्या अंगणातून आणून लावले होते, अकरा वर्षं जपले होते. मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे गं, तसेही त्यांना फार फुलं येत नव्हती." येत होती. मी बघितली होती.

रविवारी चर्च सुटलं की गावातले पुरुष मर्टनच्या कुंपणापाशी जमायचे. हात खिशात, टोप्या कपाळावर. कुणी फार बोलायचं नाही.

"सरळ आहे," एकजण म्हणायचा.

"हं," दुसरा म्हणायचा.

"बरी सुकलीत."

"हं."

आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. एवढ्या चार शब्दांवर मर्टन आठवडाभर छाती काढून फिरायचा. आणि दुसऱ्यांच्या अंगणांची जी हजेरी घ्यायचा, ती ऐकवत नसे. अमक्याची चवड म्हणजे सांडलेला कचरा. तमक्याने जोत्याला वाळलेला पाचोळा लावला, आता उंदरांचं गोकुळ होणार. पलीकडचा विधुर तर लाकडांवर निळी ताडपत्री टाकून मोकळा झाला, लाज नाही. एकदा मला म्हणाला, "लिओना, तुझी लाकडं बघून मला रात्री झोप लागत नाही." मी म्हटलं, "मला लागते, मर्टन. ऊब असते ना."

कारण मी शेगडी सप्टेंबरात पेटवते. थंडी वाजली की पेटवते. आणि इथेच आमच्या गावाचा खरा मूर्खपणा सांगायला हवा. आमच्याकडे एक नोव्हेंबरच्या आधी शेगडी पेटवणं कमीपणाचं समजतात. कुणी हा नियम केला, कधी केला, कुणास ठाऊक. पण ऑक्टोबरात सकाळी उठून लोक आधी आभाळ बघत नाहीत, शेजाऱ्याचं धुराडं बघतात. ज्याच्या धुराड्यातून पहिला धूर निघेल तो त्या वर्षीचा नाजूक. दुकानात त्याला विचारतात, "काय रे, बाळंतीण आहे का घरात?" म्हातारी-कोतारी माणसं लोकरीचे तीन-तीन थर घालून बसतात, दात वाजत असतात, आणि तरी फुशारकी मारतात की आमच्याकडे अजून काडी लागलेली नाही. बहुतेक लोक विसाव्या तारखेच्या आसपास गुपचूप एखादा संध्याकाळचा जाळ करतात, काळोख पडल्यावर, म्हणजे धूर दिसत नाही. मर्टनने ते कधी केलं नाही. करताच येऊ नये अशी सोय त्याने करून ठेवली होती. दर मे महिन्यात तो बिडाच्या शेगडीची धूर वर नेणारी नळकांडी सुटी करायचा, घासून काळी पॉलिश मारायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टांगायचा. ती खाली यायची एकतीस ऑक्टोबरला दुपारी. स्वयंपाक गॅसवर; तोवर शेगडी म्हणजे स्वयंपाकघरातलं थंडगार लोखंड.

आता तो असा का झाला, हे मला माहीत आहे, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. मर्टन नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप लाकूडतोडीच्या छावणीवर गेला आणि तिकडेच पीत बसला. घरात लाकूड नव्हतं. फेब्रुवारीत त्यांनी खुर्च्या जाळल्या, मग पलंग, मग वरच्या मजल्याच्या फळ्या. शेवटी गावाने दानाची लाकडं पाठवली. ती गाडी भर दुपारी त्यांच्या दारात उतरवली, शाळा सुटायच्या वेळेला, सगळ्या पोरांसमोर. मी त्या पोरांत होते. घरात तरीही ऊब धरेना म्हणून त्या पोराला दोन महिने कुठेतरी ठेवायचं ठरलं, आणि आमच्या आईने त्याला आमच्या घरी आणलं. आमच्या शेगडीच्या मागे, भिंतीला लागून, आईने त्याचं अंथरूण घातलं होतं. ती रोज पहाटे चारला उठून आधी जाळ नीट करायची आणि मग गोठ्यात जायची, त्या पोराला कुडकुडत उठायला लागू नये म्हणून.

तर असा हा माणूस. कुणी म्हणेल, बिचारा. मी नाही म्हणत. ज्याला थंडी काय असते ते कळलं, त्याने दुसऱ्याची थंडी ओळखायला हवी. हा फक्त लोकांच्या नजरा ओळखायला शिकला. आईने त्या दोन महिन्यांचा आयुष्यात कधी उल्लेख केला नाही. मर्टननेही नाही. मला वाटतं, त्याने तिला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

आई शहाऐंशीची झाली तेव्हा टेकडीवरच्या घरात एकटीच राहत होती. त्या उन्हाळ्यात तिला छातीचं दुखणं झालं, कसंबसं बरं झालं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं, "यांना या हिवाळ्यात एकटं ठेवू नका. आणि गारठ्यात तर अजिबात नको. दुसऱ्यांदा छाती भरली तर मी काही करू शकणार नाही. ते जमत नसेल तर काउंटीच्या वृद्धाश्रमात जागा बघतो."

आई पलीकडच्या खोलीतून ओरडली, "मी बहिरी नाही हं! आणि तिकडे मी जाणार नाही. मला एक हिवाळा उबदार स्वयंपाकघरात काढू द्या, मग खुशाल पुरा."

तिला एवढंच हवं होतं, एक उबदार हिवाळा.

माझ्याकडे तिला आणता येत नव्हतं. मी धान्याच्या दुकानाच्या माडीवर राहते, बावीस पायऱ्या, आणि आईला दोन चढून धाप लागायची. राहिली आर्डिथ. तिचा मुलगा केव्हाच दक्षिणेकडे जाऊन स्थायिक झालेला, स्वयंपाकघरालगतची खोली रिकामी. आर्डिथने मर्टनला माझ्यासमोरच विचारलं. मुद्दाम माझ्यासमोर.

"अख्ख्या परगण्यात याच्याहून उबदार घर नाही," मर्टन म्हणाला. "आणा की. आनंदाने आणा."

खरंच म्हणाला. मी त्या क्षणी त्याच्याबद्दलचं माझं मत थोडं बदललं होतं, याची मला आता लाज वाटते.

पाच ऑक्टोबरला आईला आणलं. नेमकं त्या वर्षी ऑक्टोबर लवकर कडक झाला. आठ तारखेला तळ्याच्या काठाला बर्फाची साय धरली. मी आईला भेटायला गेले तर ती पलंगावर टोपी, मफलर आणि हातमोजे घालून बसलेली, तिच्या पायाशी गरम पाण्याच्या तीन बाटल्या. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"ये," आई म्हणाली. "कोट काढू नकोस. इथे काढायची पद्धत नाही."

"मर्टन कुठाय?"

"जावईबापू बाहेर घर उबदार करतायत. बाहेरून."

मी अंगणात गेले. तो जोत्यावर फांद्या रचत होता. एक फांदी ठेवायची, चार पावलं मागे जायचं, मान वाकडी करून बघायचं.

"मर्टन, शेगडी पेटव."

"एक तारखेला पेटवणार आहे."

"आईला थंडी वाजतेय."

"घरातल्या तापमापकाचा काटा अजून निळ्यात गेलेला नाही," तो म्हणाला. "मी रोज बघतो. तुझ्यासारखी सवय लागली की मग जुलैतही हुडहुडी भरते. रक्त पातळ होतं."

"तिचं रक्त शहाऐंशी वर्षांचं आहे!"

"म्हणूनच. जुनी माणसं काटक असतात." फांदी हातात धरून त्याने मान वाकडी केली. "जरा बाजूला होतेस? तू उजेडात उभी आहेस."

मी दुसऱ्या दिवशी माझा विजेचा हीटर आणून आईच्या खोलीत लावला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो हीटर माझ्या बावीस पायऱ्यांपैकी सर्वांत खालच्या पायरीवर होता, वायर नीट गुंडाळून, वर रबर लावून. म्हणे, मर्टन लेव्हिटच्या घरात विजेवर ऊब आणली असं लोकांच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवायचं. त्याला वायर नीट गुंडाळायला वेळ होता.

मी आर्डिथला फैलावर घेतलं. "तू बोलत का नाहीस? तुझं घर नाही का ते?"

ती बटाटे सोलत होती. बोटं लाल झालेली. "बोलते गं. रोज बोलते. तो म्हणतो तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"माळ्यावर चढ, नळकांडी काढ, मी येते जोडायला. सात तर तुकडे आहेत."

"मधलं वाकडं कोपर तो स्वतःजवळ ठेवतो. कामाच्या पेटीत. पेटीला कुलूप आहे."

मी हसले. काय करणार? माणूस शेगडीच्या नळीचं कोपर कुलुपात ठेवतो, दारूच्या बाटलीसारखं. आर्डिथ मात्र हसली नाही. म्हणाली, "आता थोडेच दिवस राहिलेत, लिओना. उगाच तंटा नको." आणि मीही गप्प बसले. पेटी फोडता आली असती. माझ्याकडे हातोडा आहे. मी तो आणला नाही, हे मी कुणापासून लपवत नाही.

त्याच वर्षी मर्टनच्या डोक्यात आणखी एक किडा शिरला होता, डेल्मर पिंकम. डेल्मर आमच्या गावाच्या स्वयंसेवक अँब्युलन्सवर असतो, सुताराचं काम करतो, साधा माणूस. त्या उन्हाळ्यात वादळात त्याच्याकडे मोठा मेपल पडला आणि त्याची लाकडं आपोआपच वाढली. एका रविवारी पुरुष मर्टनच्या कुंपणाऐवजी डेल्मरच्या कुंपणापाशी उभे राहिले. एकच रविवार, दहा मिनिटं. मर्टनने सोमवारी जंगलातून आणखी लाकूड मागवलं.

अंगणात जागा उरली नव्हती, म्हणून ते त्याने पडवीत रचलं. स्वयंपाकघराचं दार या पडवीत उघडतं, आणि पडवीतून बाहेर. दरवर्षी पडवीत भिंतीला लागून एक ओळ असते. या वर्षी तीन झाल्या, छतापर्यंत. मधे जी वाट उरली तिच्यातून मर्टन स्वतः कडेने, पोट आत घेऊन जायचा. आर्डिथ बारीक आहे, ती जायची. मला दर वेळी कोटाची बटणं खरवडून जावं लागायचं. मी म्हटलं, "ही वाट आहे की उंदराचं बीळ?" तर म्हणाला, "जानेवारीपर्यंत पहिली ओळ संपेल. मग होईल रुंद."

आणि पुढचं दार? आमच्याकडे थंडीत पुढचं दार कुणी वापरत नाही. उंबऱ्याला एक जुनी सतरंजी लावतो आणि झालं. मर्टनने बारा ऑक्टोबरला त्या दारावर बाहेरून डांबरी कागद ठोकला, त्यावर आडव्या फळ्या, वीतभर अंतरावर लांब खिळे, आणि पुढे फांद्यांचा ढीग. दार होतं असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. वर त्याने त्याचा फोटोही काढला.

आईला विसाव्या तारखेपासून खोकला लागला. तेवीसला मी गेले तेव्हा तिचे ओठ मला आवडले नाहीत.

"आई, मी डॉक्टरांना बोलावते."

"कशाला? ते शेगडी पेटवणार आहेत का?" आई म्हणाली. बोलताना दोनदा थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "लिओना, तुझ्या घरी आज जाळ आहे ना? जा. जाऊन बस त्याच्याजवळ. माझ्या वाटचीही बस."

मर्टन दारातच उभा होता. त्याने ऐकलं. माझी खात्री आहे की ऐकलं. त्याने भिंतीवरच्या तापमापकाकडे बघितलं, नखाने काचेवर टिचकी मारली, आणि म्हणाला, "आठच दिवस, आई. मग बघा तुम्ही. मग तुम्हीच म्हणाल, खिडकी उघडा."

चोवीसला सकाळी नऊच्या सुमारास आर्डिथचा फोन आला. आईला श्वास घेता येत नव्हता. मी पोचले तेव्हा अँब्युलन्स माझ्या पाठोपाठच आली. डेल्मर आणि ग्लेनिस उतरले. ग्लेनिस शाळेत मुलांचं जेवण बनवते, आणि गरज पडली की अँब्युलन्सवर येते. दोघं प्राणवायूची नळी घेऊन पडवीतून कडेकडेने आत गेले. पण स्ट्रेचर गेलं नाही. उभं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. अर्ध्यात अडकलं.

"पुढच्या दाराने नेऊ," ग्लेनिस आतून म्हणाली.

डेल्मर पळत पुढच्या बाजूला गेला. मी त्याच्यामागे. त्याने फांद्या उपसल्या, फळीखाली पहार घातली. एक खिळा निघाला. दुसरा निघेना. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लिओना, यानं घर बांधलंय की शवपेटी? अर्धा तास लागेल इथे. तिच्याकडे अर्धा तास नाही." खिडक्या बघितल्या. बाहेर स्क्रू, आत प्लॅस्टिक, खाली कंबरेएवढ्या फांद्या, आणि माणूस आडवा बाहेर काढता येईल एवढी रुंदी एकीलाही नाही.

"लाकडं काढा," डेल्मर पडवीच्या तोंडाशी येऊन म्हणाला. "मधली ओळ पाडा. पटकन."

तेव्हा मर्टन पुढे आला. तोवर तो अंगणात उभा होता, हात खिशात. त्याने डेल्मरच्या दंडाला धरलं.

"टोकाकडून काढ," तो म्हणाला. "मधून ओढू नकोस, सगळीच येईल खाली. वरून, या टोकाकडून. मी देतो एकेक."

आणि तो खरंच द्यायला लागला. वरचं एक लाकूड उचललं, डेल्मरच्या हातात दिलं. दुसरं उचललं. आतून माझ्या आईच्या श्वासाचा आवाज येत होता, ओल्या लाकडातून करवत जावी तसा. आणि हा एकेक देत होता. मेपलचं डावीकडे ठेव म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

आर्डिथ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आतल्या बाजूने. एकतीस वर्षं त्या घरात नांदली, या माणसासमोर तिने कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही चढवला. तिने दोन्ही हात मधल्या ओळीच्या बरोबर मध्यावर घातले, पाय भिंतीला टेकवला आणि ओढलं. आधी चार लाकडं आली. मग सगळी ओळ पोटातून फुगली आणि धडाडून कोसळली, अर्धी पडवीत, अर्धी बाहेर अंगणात. एक तुकडा तिच्या पायावर पडला. पुढे चार महिने ती लंगडत होती. ती म्हणाली, "या आता."

डेल्मर आणि ग्लेनिसने आईला त्या लाकडांवरून अडखळत बाहेर नेलं. माझ्या शेजारून स्ट्रेचर गेलं तेव्हा तिने डोळे उघडले, पण कुणाकडे बघितलं नाही.

हॉस्पिटलात खोली उबदार होती. पहिल्या दिवशी नर्सने आईची टोपी काढली, मफलर काढला, हातमोजे काढले. आईने आपले मोकळे हात चादरीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. दोन दिवस ती थोडी सुधारल्यासारखी वाटली. एकदा मला म्हणाली, "इथे खर्च खूप येत असेल, पण जाळ चांगला आहे." अठ्ठावीसला दुपारी ती गेली. आम्ही दोघी जवळ होतो. मर्टन नव्हता. त्याला घरी काम होतं.

काय काम होतं ते एकतीसला कळलं. आईला पुरून गाव नेहमीप्रमाणे घरी जेवायला आलं, आर्डिथच्या घरी. आम्ही गाडीतून वळणावर आलो आणि मला आधी धूर दिसला. मर्टनच्या धुराड्यातून पांढरा, सरळ, छान धूर. एकतीस ऑक्टोबर. एक दिवस आधी. पाहुणे यायचे होते ना! चाळीस माणसं त्याच्या स्वयंपाकघरात येऊन कुडकुडली असती तर गाव काय म्हणालं असतं?

पडवीत लाकडं पुन्हा रचलेली होती. दोन ओळी, छतापर्यंत, साल वरच्या अंगाला. फक्त मधली ओळ काढून वाट रुंद केलेली. मर्टन तिथेच उभा राहून येणाऱ्याला दाखवत होता. डेल्मर आला तसा त्याने त्याला थांबवलं.

"तीस इंच," मर्टन म्हणाला. "मोजून ठेवलीय. तुमचं स्ट्रेचर बावीसचं. पुढच्या वेळी सरळ आत जाईल."

डेल्मरने त्याच्याकडे बघितलं, टोपी डोक्यावरून काढली, आणि पुढे गेला. मर्टनला वाटलं, त्याला पटलं.

स्वयंपाकघर भरलेलं होतं. बायकांनी शिजवलेल्या घेवड्याची भांडी, तपकिरी पाव, ॲपल पाय टेबलावर मांडले होते. लोकांनी कोट काढले. काहींनी स्वेटरही काढले. कुणाच्या तरी कपाळावर घाम होता. शेगडीचं लोखंड टकटक वाजत होतं. पुरुष तिच्याभोवती उभे होते, हात खिशात, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून एकजण म्हणाला, "चांगली तापते रे."

"चांगली?" मर्टन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. सबंध दिवसात पहिल्यांदा. "आज सकाळी घर अगदी गार होतं, बरं का. म्हणजे काटा निळ्यात. मी घड्याळ लावून बसलो. चाळीस मिनिटं. काडी लावल्यापासून चाळीस मिनिटांत ती मागची खोलीसुद्धा तापली. असं जोतं असल्यावर लागतो कितीसा वेळ?"

ती मागची खोली म्हणजे आईची. दार उघडंच होतं. पलंगावर नवी चादर घातलेली, पायाशी गरम पाण्याच्या तीन बाटल्या रिकाम्या, ओळीत ठेवलेल्या.

आर्डिथ पाव कापत होती. सुरी थांबली. तिने उरलेला पाव कापून पुरा केला, तुकडे ताटात लावले, ताट टेबलावर ठेवलं. मग हात पुसले, खुंटीवरचा आपला कोट काढला आणि त्या तापलेल्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या देखत, बटणं लावायला लागली, वरपासून खालपर्यंत, एकही न सोडता. मग टोपी. मग हातमोजे. माझ्याकडे बघून म्हणाली, "लिओना, बावीस पायऱ्या ना? चढेन मी."

ती लंगडत लंगडत तीस इंचांच्या वाटेने बाहेर पडली. मी तिच्यामागे. मर्टन पडवीच्या दारापर्यंत धावत आला, हातात ॲपल पायची बशी तशीच.

"अगं, कुठे निघालीस?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "आत्ता तर कुठे घर तापलंय."